वरचा एक रुपया

सकाळी मेथी निवडत बसले होते, फोन वाजला. चिपळूणच्या मैत्रिणीचा नव्हे, बँकेचा. 15,001 रुपये जमा, खाली तिचं नाव. मेथी राहिली बाजूला. फोन केला तर उचलला नाही. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, अजून नाही.

जानेवारी 2022 मधले पैसे ते. एसटीच्या संपाचा तिसरा महिना. विलिनीकरण आज होईल, उद्या होईल, असं चाललेलं. भावजींचा पगार बंद, आणि त्याआधी जुलैत वाशिष्ठी नदी घरात येऊन गेलेली. तिने मागितले नव्हते. मीच पाठवले. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा अर्धा तास आमसुलांबद्दल बोलली. पैशांतला 'प' तिनेही काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, मुरलं ते तिथेच.

मुरलं नव्हतं. ती मोजत होती.

एवढंच बोचतंय. चार वर्षं आम्ही फोनवर खिदळलो, आणि तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या डोक्यात तो आकडा असणार. गेल्या वर्षी पुण्यात आली तेव्हा माझ्याकडे न राहता नणंदेकडे उतरली, तेही त्यामुळेच? आणि माझ्या त्या वाईट वर्षात तिने जे केलं, ते मी कुठे... जाऊ दे.

बरं, पंधरा हजार समजू शकते. वरचा रुपया कशाला? तो आपण आहेराच्या पाकिटात घालतो. ज्यांच्याकडे एकदा जेवायचं आणि निघायचं, त्यांच्या. हॉस्टेलवर एका ताटात जेवलेल्या बाईला वरचा रुपया? व्याज म्हणावं, तर पंधरा हजारांवर चार वर्षांचं व्याज एक रुपया. या दराने मिळत असेल तर मलाही कर्ज हवंय.

हे लिहिताना हसू आलं, म्हणजे राग उतरायला लागलाय. उतरू नये असं वाटतंय खरं तर.

पुराच्या वेळचं आठवलं. 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि तिचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी नंबरवरून आवाज आला, "अगं, मिक्सर गेला, गाद्या गेल्या, पण तुझी ती गोधडी मेली नाही. पाणी पिऊन अशी जड झालीये, चौघांनी उचलून वाळत घातली." आधी हसले आणि मग मी जी रडायला लागले! घर तिचं चिखलात, आणि तिकडून तीच मला सांगतेय, "गप गं, पाणी पी आधी."

आजही तेच झालंय. पैसे जुळवले तिने, आणि दिवसभर तोंड पाडून बसलेय मी. तिने ते कुठून आणि कसे बाजूला टाकले असतील, हे आत्ता रात्री सुचतंय. जमले तेव्हा तिला किती हलकं वाटलं असेल, तेही.

शिवाय मोजायलाच बसायचं तर ओट्याखाली तिचे डबे आहेत. तिच्या सासूबाईंचं नाव कोरलेले. कधी आगळ, कधी फणसाची साठं, कधी कुळथाचं पीठ घेऊन कुंभार्ली घाट चढून आलेले. रिकामा डबा परत करू नये म्हणून काहीतरी चांगलं करून पाठवू म्हणते, आणि ते राहतं. ते राहतं म्हणून डबाही राहतो. आत्ता वाकून मोजले. पाच निघाले.

मेसेज आला मघाशी. पैशांचं अवाक्षर नाही. "डबे पाठव सगळे. बुधवारी हे स्वारगेटच्या गाडीवर आहेत."

मेथीच्या वड्या करेन म्हणते. चार डबे घासून पालथे घातलेत. पाचवा पुसून परत ओट्याखाली ठेवला.