फुगवटा एकाच बाजूला

रत्नागिरीत सायकलचं कार्बनचं चाक बिघडून आलं की पहिला संशय खाऱ्या हवेवर, आणि बरेचदा तो खराही असतो. इथल्या राइड म्हणजे आरे-वारे, गणपतीपुळे, नाहीतर भाट्याच्या पुलावरून पावस. सगळा रस्ता समुद्राच्या कडेनं. त्यामुळे डिसेंबरात एका आंबा बागायतदारांनी पुढचं चाक माझ्या टेबलावर ठेवलं आणि ‘खाऱ्या हवेनं खाल्लंन बघा’ म्हणाले, तेव्हा मीही आधी तिकडूनच सुरुवात केली.

चाक डिस्क ब्रेकचं, रिम ४५ मिमी खोल, २४ स्पोक, ट्यूबलेस. तक्रारी दोन. रात्री ६५ पीएसआय हवा भरली की सकाळपर्यंत निम्मी, आणि गुळगुळीत रस्त्यावरही दर फेऱ्याला टायर बारीकशी उडी मारतो. चाक घेऊन वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे वॉरंटीत बसतं का, हे त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं.

खारी हवा कार्बनच्या रिमला थेट काही करत नाही. ती लागते निपलला, म्हणजे स्पोकचं टोक रिममध्ये आवळणाऱ्या बारक्या नटला. हलक्या चाकांत निपल बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे छोटा विद्युतघटच तयार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, निपल भोकात जाम होतो, पान्याने फिरवायला गेलं की मान तुटते. पुढे भोकाच्या कडेला बारीक चिरा पडतात. पण हा रोग चाकभर पसरतो. २४ पैकी एक निपल पांढरा झाला असेल, तर बाकीचेही कमी-जास्त त्याच वाटेवर असतात. टायर आणि रिम टेप काढून आत टॉर्च मारली. थोडी पांढरट कड सगळीकडे होती, पण एकही निपल जाम नव्हता, भोकांना चीर नव्हती. टेन्शन मीटरवर डिस्कच्या बाजूचे स्पोक ११० ते ११५ किलो, दुसऱ्या बाजूचे ७५ च्या आसपास. पुढच्या डिस्क चाकात असा फरक असणारच. बिघडलेल्या जागेचे स्पोक त्यात वेगळे पडत नव्हते. म्हणजे स्पोक-निपलकडून काही झालेलं नाही.

आता बिघडलेली जागा. व्हॉल्व्हपासून साधारण एक तृतीयांश फेरा पुढे, हाताच्या पंजाएवढ्या लांबीत, रिमची उजवी कड बाहेर आलेली. चाक सरळ करायच्या ट्रूइंग स्टँडवर ते लावून दोन्ही कडांना बारीक सरक मोजणारा डायल गेज वेगवेगळा लावला. चाकाचा नेहमीचा आउट असतो तेव्हा उजवी कड जेवढी बाहेर जाते तेवढीच डावी आत येते, कारण अख्खी रिमच सरकलेली असते. इथे उजवी कड १.४ मिमी बाहेर आणि डावी जागच्या जागी. स्पोक ओढून किंवा सोडून असं कधीच होत नाही. व्हर्निअरने आतली रुंदी मोजली तर सगळीकडे २१ मिमी आणि त्या पट्ट्यात २२.४. टायरची कड तिथेच नीट बसत नव्हती. हवा जाण्याचं आणि उडीचंही कारण तेच.

असं मोजमाप हातात आलं की निम्मे अंदाज आपोआप गळतात. खड्ड्यात आपटलेल्या रिमला धारदार चीर असते, तुटलेले धागे बोटाला लागतात, आणि मार बहुधा दोन्ही कडांना बसतो. इथे फुगवट्याची कड गोल, गुळगुळीत, एकही धागा तुटलेला नाही. हवा जास्त भरली असती तर रिम गोलभर उघडली असती. (टायरची कड अडकवणारा हूक नसलेल्या रिमला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही हद्द आहे. ही रिम हूकवाली होती आणि हवाही त्याच्या आतच.) कारखान्यातला दोष म्हणावा, तर थर नीट न दाबले गेलेली रिम पहिल्या काही महिन्यांत, तीही भार पडणाऱ्या जागी, म्हणजे स्पोकच्या भोकाशी बोलते. दोन भोकांच्या मधली एक कड इतक्या महिन्यांनी अचानक बाहेर येत नाही.

नाण्याने रिमवर टिचकी मारत गेलो. चांगल्या जागी आवाज टणटणीत, फुगवट्यावर ठप्प, आणि ठप्प आवाजाचा पट्टा डोळ्याला दिसणाऱ्या फुगवट्याहून दोन बोटं लांब. तिथे आतले थर सुटलेले होते. वरचं क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, पिवळसर, त्यात टाचणीच्या डोक्याएवढे फोड. हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होतं: उष्णता. कार्बनच्या धाग्याला एवढ्या-तेवढ्या उष्णतेचं काही वाटत नाही, पण त्याला धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन ठरावीक तापमानाच्या वर मऊ पडतं. रिमच्या जातीप्रमाणे ते साधारण १२० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. रेझिन मऊ झालं की आतली हवा कड बाहेर ढकलते, आणि थंड झालं की ती तशीच वाकडी घट्ट बसते.

रिम ब्रेकच्या चाकात हा प्रकार नवा नाही. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की कडा तापतात आणि फुगतात, पण दोन्ही बाजूंनी आणि गोलभर. डिस्क ब्रेकच्या चाकात रिमला उष्णता मिळणार कुठून? उन्हातून म्हणावं, तर मे महिन्याच्या दुपारी काळी रिम सत्तरेक अंशाला जाईल. त्याने रेझिनचं काही बिघडत नाही, आणि हा तर डिसेंबर.

टायरने आणखी थोडं सांगितलं. फुगवट्यासमोरची उजवी बाजू चकचकीत आणि कडक झाली होती, डावी नव्यासारखी. आतलं सीलंट, म्हणजे गळती बुजवणारा द्रव, सगळीकडे पातळ, पांढरं. फक्त त्या पट्ट्यात शिजून तपकिरी साय धरलेली. म्हणजे टायर चढवलेला, सीलंट भरलेलं आणि चाक एका जागी स्थिर असताना, उजवीकडून धग लागलेली. चाक फिरत असतं तर धग गोलभर वाटली गेली असती. राइड करताना हे झालेलंच नाही, एवढं इथे नक्की झालं. पांढऱ्या फडक्याने तो पट्टा पुसला, काजळीचा ठिपकासुद्धा आला नाही. शेगडी, शेकोटी, वेल्डिंग, घराचं रंगकाम, सगळं विचारून झालं. सायकल घरात, पडवीत, भिंतीला टेकवलेली. जवळ चूल नाही की बंब नाही.

त्यांचा एक राइडचा सोबती बँकेत आहे. त्याची सायकल सर्व्हिसला आली, तेव्हा मागच्या चाकावर तसेच बारीक फोड दिसले. वेगळ्या कंपनीचं चाक, मागचं, आणि फोड डाव्या बाजूला, म्हणजे डिस्कच्या अंगाला. रुंदी मोजली तर सगळीकडे सारखी, पण टिचकीचा आवाज अर्ध्या बोटाएवढ्या जागी बसका. त्याला म्हटलं, ‘तुमच्या दोन सायकली एकत्र कुठे होत्या?’

‘कोल्हापूरला गेलो होतो ना, काकांच्या गाडीतून. मागच्या रॅकवर.’

एकाचं पुढचं चाक उजव्या बाजूनं आणि दुसऱ्याचं मागचं डाव्या बाजूनं, हे कोडं डिकीवरच्या रॅकनं एका फटक्यात सोडवलं. अशा रॅकवर दोन सायकली एकमेकींना उलट लावतात, म्हणजे हँडल अडकत नाहीत. गाडीच्या मागे उभं राहून बघा. आतल्या सायकलचं तोंड डावीकडे असेल, तर तिची चेनची, म्हणजे उजवी बाजू गाडीकडे येते आणि पुढचं चाक गाडीच्या डाव्या कोपऱ्यात. बाहेरच्या सायकलचं तोंड उजवीकडे, तिची डावी बाजू गाडीकडे, आणि त्याच डाव्या कोपऱ्यात तिचं मागचं चाक. काकांच्या, म्हणजे बागायतदारांच्या, गाडीचा सायलेन्सर डावीकडेच. आतलं चाक जास्त भाजलं, बाहेरचं कमी. चाकं हलू नयेत म्हणून वेलक्रोच्या पट्ट्याने बांधलेली, त्यामुळे सगळी धग एकाच पट्ट्यावर.

बागायतदार मानेनात. ‘अहो, त्याच रॅकवरून तीनदा गेलोय. आणि सायलेन्सर असता तर काळं नसतं झालं?’

दुसरा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर गाडीतच होतं. गाडी डिझेलची, बीएस ६, म्हणजे एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या प्रदूषण नियमांतली. या गाड्यांत डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवून धरणारा फिल्टर. म्हणून नळीचं तोंड स्वच्छ आणि चाकावर डाग नाही. पण अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. काही शे किलोमीटरनंतर गाडी आपणहून जादा डिझेल सोडून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. दहा ते वीस मिनिटं चालतं, आणि तेवढा वेळ नळीतून येणारा झोत नेहमीपेक्षा कितीतरी तापलेला असतो. सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते यासाठीच. मग तीन वेळा काही झालं नाही आणि चौथ्यांदा झालं, यात नवल नाही. शिवाय आधीच्या वेळी रॅकवर एकच सायकल असायची, तीही वर ओढून. दोन लावल्या तेव्हा रॅकचे हात एक खाच खाली घेतले होते.

परतीच्या प्रवासाचं विचारलं तर साखरप्याच्या अलीकडे घाटात रस्त्याच्या कामामुळे एकेरी वाहतूक, बराच वेळ थांबलेले, एसीसाठी इंजिन चालू. पंखा जोरात घोंघावत होता आणि जळका वास येत होता. समोरच्या ट्रकचा क्लच जळतोय, असं दोघांनी ठरवून टाकलं. गाडी पळत असती तर वाऱ्याने झोत मोडला असता. उभ्या गाडीमागे तो सरळ चाकावर बसला.

तरी लिहून द्यायचं तर मोजून द्यावं. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे स्कॅनर आहे, त्यावरून उभ्या गाडीला रीजनरेशन करायला लावता येतं. सिमेंटच्या मोकळ्या अंगणात गाडी उभी केली, अग्निशामक बाटली हाताशी. रॅक त्याच खाचेवर, त्यावर मोडीतल्या कार्बन रिमचा तुकडा, नळीच्या तोंडापासून १५ सेंटिमीटरवर. तापमान के-टाइप थर्मोकपलने, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या तारेने, ती कॅप्टॉन या धग सोसणाऱ्या टेपने रिमवर चिकटवून मोजलं. इथे तापमान मोजायची लेझरची बंदूक वापरू नये, ती झोत मोजत नाही आणि चकचकीत पृष्ठभागावर भलतेच आकडे देते. साध्या आयडलला तुकडा ५० अंशांच्या पुढे गेला नाही. रीजनरेशन सुरू झाल्यावर आठव्या मिनिटाला १५० आणि त्यानंतर १९० पार. क्लिअर कोटला आमच्या डोळ्यांदेखत फोड आले. तेच पिवळट, टाचणीच्या डोक्याएवढे. गॅरेजवाला म्हणाला, ‘दादा, ह्या धगीत बंपरचं प्लास्टिक पण वितळलेलं मी पायलंय.’

पुढच्या चाकाची रिम दुरुस्त होत नाही. गरम करून दाबून सरळ करतो म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नये. सुटलेले थर परत चिकटत नाहीत. बागायतदारांच्या परवानगीने ती रिम फुगवट्यावर आडवी कापली. मास्क लावून, पाणी सोडत, बारीक दात्याच्या हॅकसॉने, कारण कार्बनची धूळ फुफ्फुसात आणि कातडीत घुसते. उजव्या कडेत चिरोट्यासारखे पदर सुटलेले, मधल्या फटीत नख जात होतं. डावी कड काचेसारखी भरीव. हब चांगला होता, तो ठेवला. त्याच मापाची रिम, नवे स्पोक आणि पितळेचे निपल घालून चाक बांधलं.

मागच्या चाकावर आमचा थोडा वाद झाला. बँकवाल्याचं म्हणणं, रुंदी बरोबर आहे, हवा राहते, नुसता रंग उडालाय. पण आवाज बसका आला म्हणजे तिथला थर सुटलेला, आणि टायरची कड नेमकी त्याच ओठावर बसते. उतारावर ५० च्या वेगात तो ओठ सुटला तर टायर बाहेर. सरावाच्या चाकावर चालव, हे घाटात नेऊ नकोस, असं सांगून रिम मागवली. डाव्या बाजूला मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा ब्रेक, आणि त्याची ऑइलची नळी (होज) ही असते, म्हणून तेही तपासलं. ते धगीच्या वर होते, होजचं आवरण मऊ पडलेलं नव्हतं. तरी ऑइल बदलून ब्लीड केलं, म्हणजे आतली हवा काढली.

अहवालात मी मोजमापं, कापलेल्या रिमचे फोटो आणि थर्मोकपलचे आकडे जसे होते तसे दिले. बाहेरची उष्णता वॉरंटीत बसत नाही आणि बसवूही नये. पण कंपनीची अपघातानंतर सवलतीत रिम बदलून देण्याची सोय होती, त्यात बागायतदारांचं काम झालं.

रॅक त्यांनी टाकलेला नाही. आता आतली सायकल उलटी लावतात, म्हणजे डाव्या कोपऱ्यात तिचं मागचं चाक येतं, आणि डाव्या कोपऱ्यातली दोन्ही चाकं काढून डिकीत ठेवतात. आतलीचं मागचं, बाहेरचीचं पुढचं. चेन लोंबू नये म्हणून मागच्या ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे चाक बसायच्या खाचेत, चेन धरणारी खोटी हबची दांडी, पुढच्या डिस्क कॅलिपरमध्ये पॅड मिटू नयेत म्हणून प्लास्टिकचा ठोकळा. नळीला खाली वळणारं तोंडही क्लॅम्पने बसवलंय. वाटेत आयडलचे आरपीएम आठशेवरून हजाराकडे चढले, मायलेजचा आकडा पडला आणि पंखा घोंघावायला लागला की गाडी बंद करायची नाही, चालवत राहायची. मध्येच बंद केलं तर रीजनरेशन अर्धवट राहतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा सुरू होतं. वाहतूक अडलेलीच असेल तर एकानं उतरून सायकलींजवळ हात धरून बघायचा.