दुकानात चालू, घरात बंद

बेळगावात टिळकवाडीत लॅपटॉप रिपेरीचं दुकान टाकून मला चौदा वर्षं झाली, पण मागच्या पावसाळ्यात कणकुंबीकडच्या एका सरांच्या लॅपटॉपनं जेवढं पिडलं तेवढं कुणी नाही. सर म्हणजे रिटायर मराठी मास्तर. लॅपटॉप 2013 चा, बॅटरी कधीच गेलेली, सगळा कारभार अ‍ॅडॅप्टरवर. बटण दाबलं की लाईट लागते, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच, कधी चौथ्यांदा दाबल्यावर चालू होतो तर कधी दुपारपर्यंत नाहीच. आणि माझ्या काउंटरवर ठेवला की एका दमात चालू!

पहिल्या फेरीला तारीख चुकलेली दिसली म्हणून मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल बघितला, माझा पोऱ्या कन्नड बोलणारा, मीटर लावून म्हणाला, "अण्णा, सेल होग्यद," म्हणजे सेल गेलाय. तीन व्होल्टचा सेल दोनच्या खाली आलेला. बदलला, मला वाटलं काम झालं. चार दिवसांनी सर परत दारात.

"काय ओ सर, परत?"

"परतच की. घरात हुईना बघ चालू."

मग मी म्हटलं, गावाकडं व्होल्टेज पडतंय तुमच्या. सरांनी चष्मा वर केला, अ‍ॅडॅप्टर उलटा धरला आणि मलाच वाचून दाखवलं, इनपुट 100 ते 240. "शंभरापर्यंत चालतंय म्हणून लिहिलंय की रे ह्यावर. आमच्यात बल्ब तर नीट लागतंय." मी गप. पोऱ्या हसत होता. तरी घरी न्यायला दुसरा अ‍ॅडॅप्टर दिला, फरक शून्य.

तिसऱ्या फेरीला सरांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. रेघा मारून रकाने, तारीख, वेळ, हवा, चालू का बंद. मास्तर ते मास्तरच. खरं सांगतो, आधी मला हसू आलं, पण चाळत गेलो तसं लक्षात यायला लागलं की सगळे 'बंद' सकाळचे आणि तेही पावसाच्या दिवसांचे, एप्रिल-मेत एकही नाही. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, तिथला पाऊस काय असतो ते जांबोटीच्या पुढं गेलेल्याला सांगायला नको, भिंतींना ओल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. आणि माझ्याकडं लॅपटॉप यायचा तो अकरा वाजता, बसमध्ये माणसांच्या गर्दीत मांडीवर ऊब घेऊन. मी तपासत होतो ते बरं झालेलं पेशंट!

लॅपटॉप ठेवून घेतला. दुकानात रात्रभर राहिला, सकाळी चालू, कारण दुकान कोरडं. मग घरी नेला आणि पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत असा कोपरा बघून टेबलावर ठेवला, बायको म्हणाली आता लॅपटॉपला पण हवापालट का. सकाळी सहाला बटण दाबलं. लाईट, पंखा, काळी स्क्रीन. इतका आनंद मला गिऱ्हाईकाचा लॅपटॉप बंद बघून कधी झाला नव्हता.

तिथंच खोलला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या, दुसऱ्या स्लॉटमधली काढली तर चालू. म्हटलं पट्टी खराब, पण तीच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये घातली तरी चालू. म्हणजे दोष दुसऱ्या स्लॉटचा. खोडरबरानं पट्टीचे पॉइंट घासले, स्लॉट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुतला, पुन्हा एक रात्र पडवी, सकाळी पुन्हा काळी. हेअर ड्रायरनं स्लॉटजवळ लांबून थोडी ऊब दिली, चालू. ह्या रॅमला 204 पिना असतात, त्यातली एखादी ढिली झालेली असणार किंवा तिचा टाका तडकलेला, गारठ्यात सुटायची, ऊब लागली की टेकायची. स्लॉट बदलता आला असता, पण बारा वर्षांच्या मशीनवर तेवढी मजुरी लावणं माझ्या मनाला पटेना. दुसरा स्लॉट रिकामाच ठेवला, पहिल्यात माझ्याकडची आठ जीबीची एकच जुनी पट्टी घातली, तीन रात्री पडवीत काढल्या, तिन्ही सकाळी चालू.

सरांनी पैसे मोजले, काढलेल्या दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून मागून घेतल्या. तेव्हापासून दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. चालू, चालू, चालू. ऑगस्टात एकदा मधेच 'बंद' दिसलं, माझ्या पोटात गोळा. फोटो मोठा करून बघितला तर शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, लाईट गेली होती.