फियाटचं काम: इंजिन बांधलं, आता ऑइल कोणतं?

माझ्या प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, इंजिन बांधून गाडीत बसलं. रनिंग-इनसाठी, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत, भरलेलं १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल ५०० किलोमीटरवर काढलं. ड्रेन नट खोलल्यावर ऑइलमध्ये थोडी करडी चमक दिसली, पण बोटांना कण लागले नाहीत. नव्या पिस्टन रिंगा बसताना एवढं चालतं. आता कायमचं ऑइल ठरवायचंय, आणि आपल्या मंडळींत यावरून चहा गार होईपर्यंत वाद चालतो. मी २०डब्ल्यू-५० मिनरल भरलंय. पण ‘फियाटला जाडच ऑइल लागतं’ एवढं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही.

आधी आकडे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. २०डब्ल्यू ऑइलची थंड स्टार्टची चाचणी उणे १५ अंशांवर होते. पुण्यात पहाटे पारा दहावर आला की आपण मफलर शोधतो, पण ऑइलच्या लेखी तो उन्हाळाच. त्यामुळे ५डब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं इथलं हवामान नाही. आपल्या कामाचा आकडा नंतरचा, तो तापलेल्या ऑइलची जाडी सांगतो. १०० अंश तापमानाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (हे जाडीचं माप) भरतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचं प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच पेटतो, म्हणून त्या दिव्याच्या स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर गेज बसवून घेतलाय. ज्यांच्या गाडीत नसेल त्यांनी स्टिरिओच्या आधी हा खर्च करावा. खंबाटकी घाट चढून वर थांबलो, गाडी आयडलला ठेवली. १५डब्ल्यू-४० वर काटा एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) किंचित खाली, २०डब्ल्यू-५० वर एकच्या वर. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो, हा जुना ठोकताळा धरला तर दोन्ही ऑइलं पास! बेअरिंग नवी असतील आणि गाडी रविवारी सकाळीच निघत असेल तर १५डब्ल्यू-४० ला काहीच हरकत नाही. माझी गाडी मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभी राहते, म्हणून मी ५० चं पारडं जड धरलं.

५डब्ल्यू-३० ला मात्र माझा साफ नकार, आणि तो फक्त पातळपणामुळे नाही. या १०८९ सीसी इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्याच्यावर सपाट टॅपेट आणि तिथून व्हॉल्व्हपर्यंत जोर पोचवणारे पुशरॉड. कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा, टॅपेटवर गोल फिरत नाही, घासत जातो. तिथे झीज रोखतं ते ऑइलमधलं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. हाच फॉस्फरस एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला निकामी करतो, म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून (एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) पातळ ऑइलांमध्ये तो ०.०६ ते ०.०८ टक्क्यांत बांधला गेला. ही वरची मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशांना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. तेव्हा ‘डब्यावर एसएन (एसएमनंतरचा दर्जा) लिहिलंय, कॅम खाऊन टाकेल’ ही भीती अर्धवट माहितीची. डब्यावर दर्जासोबत २०डब्ल्यू-५० सारखी जाडीची ग्रेडही वाचा. वरून झिंकची, म्हणजे जस्त वाढवणाऱ्या औषधाची, बाटली ओतायचीही गरज नाही. कॅम खाल्ल्याच्या बऱ्याच गोष्टी कडक स्प्रिंगच्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांच्या आहेत. आपल्या फियाटच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग कुठे तेवढ्या कडक!

बुलेटवाले मित्र बाइकचं २०डब्ल्यू-५० सुचवतात. चालेल, पण त्याची खासियत ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी. आपला क्लच कोरडा, मग जास्तीचे पैसे कशाला? डिझेलचं सीआय-४ ऑइलही काहीजण घालतात. त्यात काजळी धुणारी डिटर्जंटं भरपूर. खोलून साफ केलेल्या इंजिनाला त्याने बिघडणार नाही. पण वर्षानुवर्षं न खोललेल्या इंजिनात तळाचा गाळ सुटून ऑइल पंपाची जाळी (स्ट्रेनर) तुंबू शकते, तिथे मी हे धाडस करणार नाही.

महागडं सिंथेटिक ऑइल जुन्या इंजिनातून गळतं असं काहीजण म्हणतात, पण माझा आक्षेप गळतीचा नाही, पेट्रोलचा आहे. चोक ओढून सुरू होणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरतंच. त्यात मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटला तर पेट्रोल सरळ खालच्या ऑइल चेंबरमध्ये. डिपस्टिकवर ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, वाढलं की खूश होतो. वाढलेली पातळी जास्त वाईट! डिपस्टिक नाकाशी धरा, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी पंप बघा. असं पातळ झालेलं ऑइल महागडं असलं तरी बदलावंच लागतं. म्हणून साधं मिनरल, आणि ३,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदल. १९६४ पासून कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांनी मुंबईत काळी-पिवळी म्हणून जो घाम गाळला, तो काही सिंथेटिकच्या जोरावर नाही.

खरेदीचं एकच सांगतो. सुटं ऑइल नको, सीलबंद डबा पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापून टाका, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून कुणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. काढलेलं काळं ऑइल मी रीसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देतो.

सध्याची स्थिती: रॉकर कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतंय. कॉर्कचं नवं गॅस्केट आणलंय, पण कव्हरची कड थोडी वाकलीय. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ करायची, मग गॅस्केट. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम किट कुणाला चांगल्या रबराचा मिळाला असेल तर कळवा. मला मिळालेला आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, तर सकाळी फुगलेला होता.