माजुलीला जाताय? आधी बोटीचं बघा

माजुली म्हणजे आसाममधलं ब्रह्मपुत्रेतलं बेट. त्याबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात सत्रं म्हणजे वैष्णव मठ असतात, मुखवटे असतात, ब्रह्मपुत्रेवरचा सूर्यास्त असतो. नदी ओलांडायची कशी, यावर मात्र 'निमाती घाटावरून फेरी मिळते' एवढंच लिहिलेलं असतं. आमच्या सहलीचा सगळा मनस्ताप या फेरीपाशीच झाला, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे. ज्या पर्यटन कंपनीकडे आम्ही बुकिंग केलं होतं तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगते.

आम्हाला मिसिंग लोकांच्या चांग घरात राहायचं होतं. चांग घर म्हणजे बांबू-लाकडाच्या खांबांवर उभं केलेलं घर. मिसिंग लोक मूळचे अरुणाचलच्या डोंगरातले. ते खाली नदीकाठी येऊन वसले, तरी जमिनीपासून उंच घर बांधायची पद्धत त्यांनी सोडली नाही. दरवर्षी पावसाळ्यात पूर येणाऱ्या बेटावर तीच पद्धत कामाला आली. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. विमान, रजा, जोरहाटचं हॉटेल हे सगळं पटापट झालं. आसामला परमिट लागत नाही, त्यामुळे तीही कटकट नव्हती. (पुढे अरुणाचलात जाणार असाल तर इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढून ठेवा.)

आता बोटीचं. माजुली २०१६ मध्ये जिल्हा झाला, पण आजही जोरहाटकडून तिथे जायचं तर ब्रह्मपुत्रा बोटीनेच ओलांडावी लागते. पूल अजून पूर्ण झालेला नाही. जोरहाट शहरापासून निमाती घाट चौदा-एक किलोमीटर. तिथून कमलाबारी घाटाला जायला साधारण तासभर. प्रवाहाबरोबर जाताय की उलट, आणि पाणी किती आहे, यावर वेळ कमीजास्त होते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं आणि अंधार पडल्यावर बोटी बंद. इथेच आपली माणसं फसतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाला मावळतो, जोरहाटला साडेचारच्या आत. आपण घड्याळात चार पाहून 'अजून दुपारच आहे' म्हणतो, तिकडे घाटावर दिवे लागायची वेळ झालेली असते.

कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात काय होतं बघा: सकाळी काझीरंगात सफारी, मग जेवण, मग निवांत निघून पाच वाजता निमाती, 'संध्याकाळच्या बोटीने माजुली'. काझीरंगाच्या कोहोरा गावापासून जोरहाटच नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आहे. मी फोन केला. "शेवटची बोट किती वाजता?" "अहो मॅडम, पाच-साडेपाच धरा. तिथे बोटी चालूच असतात, आमची माणसं नेहमी जातात." मी म्हटलं, मला लेखी द्या. लेखी आलं ते असं: 'बोटीच्या वेळा स्थानिक परिस्थितीनुसार.' म्हणजे काहीच नाही.

मग ज्यांच्याकडे राहणार होतो त्यांचा नंबर मागितला. तो देईनात. "ते आमचं आम्ही बघतो" हे पालुपद. मी हट्टच धरला, उरलेले पैसे नंबर मिळाल्याशिवाय भरणार नाही म्हणाले, तेव्हा कुठे नंबर आला. आणि एका फोनमध्ये सगळं कळलं. घरमालकांनी शांतपणे सांगितलं, "बाइदेउ (म्हणजे ताई), तीनच्या आत घाटावर या. त्यानंतर बोट मिळेलही, नाहीही. आणि गाडी आणणार असाल तर तिची जागा आधी सांगून ठेवली आहे का?" हा दुसरा प्रश्न मी लगेच कंपनीला विचारला. उत्तर आलं, "हो हो, गाडीचं सगळं केलेलं आहे. पैसे त्यातच धरलेत." बिलात खरंच 'फेरी वाहन शुल्क' अशी वेगळी ओळ होती.

सफारी आम्ही आदल्या दिवशी ओढून घेतली आणि त्या दिवशी सकाळीच निघालो. दुपारी निमातीला पोचलो तेव्हा हातात भरपूर वेळ होता. आता प्रश्नच नाही असं वाटलं. ड्रायव्हरने गाडी लावली, सामान उतरवायला घेतलं आणि म्हणाला, "मला घाटापर्यंतच सांगितलंय. गाडी बोटीत चढवायची नाही, मालकाचा हुकूम आहे."

फोनाफोनी सुरू झाली. कंपनी म्हणे, गाडीवाल्याशी बोलतो. गाडीवाला म्हणे, मला कोणी सांगितलंच नाही. गाडीची जागा कोणाच्या नावावर आहे ते विचारलं तर तीही कोणाच्याच नावावर नव्हती. "पाच मिनिटं थांबा मॅडम" असं मला किती वेळा सांगितलं असेल! तेवढ्यात समोर एक बोट भरली. गाड्या कशा चढवतात ते तेव्हा पाहिलं. काठावरून बोटीवर दोन फळ्या टाकतात, चाकांच्या रुंदीच्या, आणि एक पोरगा समोर उभा राहून हाताने खुणा करतो, डावीकडे, अजून डावीकडे. फळी चाकाखाली वाकते आणि गाडी कण्हत वर येते. एक रुग्णवाहिका चढली, पशुखाद्याची पोती भरलेली पिकअप चढली, मग आणखी एक-दोन. झालं, जागा संपली. मोटरसायकली टपावर. त्या पिकअपचा मला राग आला नाही. तिथल्या लोकांचं दूध, औषध, शाळा, बाळंतपण सगळं याच बोटीवर चालतं, त्यांची गाडी आधी जायलाच हवी. राग आला तो आमच्याकडून पैसे घेऊन साधा एक फोन न करणाऱ्यांचा.

बोट गेली. पुढच्या बोटीवरही गाड्यांची रांग लागलेली. सासूबाई चहाच्या टपरीत बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, आपल्याला गाडी पलीकडे न्यायचीय की आपल्याला जायचंय?" तेवढ्यात टपरीवाल्या बाईंनीही हातवारे करून तेच सुचवलं: माणसांना जागा मिळते, गाडीला मिळत नाही, तुम्ही जा. मी घरमालकांना फोन लावला. ते म्हणाले, "चालत या. या बाजूला गाडी उभी करतो." एवढंच. त्या दोन वाक्यांनी जे झालं ते कंपनीच्या तासाभराच्या फोनांनी झालं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. गाडी नेऊच नका. निमातीला गाडी सोडा, पायी प्रवासी म्हणून तिकीट काढा, ते अगदी किरकोळ असतं. पलीकडे कमलाबारी घाटावर शेअर गाड्या उभ्या असतात, नाहीतर राहण्याच्या ठिकाणी सांगून गाडी मागवा. बेटावर फिरायला तिथलीच गाडी आणि तिथलाच चालक बरा, कोणत्या रस्त्यावर काय झालंय हे त्याला माहीत असतं. सामान मात्र कमी ठेवा. हिवाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा घाटाजवळ वाळूतून चालावं लागतं आणि चाकांच्या बॅगा वाळूत चालत नाहीत.

बोटीत लाइफ जॅकेट घाला. ८ सप्टेंबर २०२१ ला निमातीजवळच दोन बोटींची टक्कर होऊन अपघात झाला होता. त्यानंतर एक इंजिनाच्या खासगी बोटींवर बंदी आली. सासूबाईंना फळीवरून चढवताना त्याच खुणा करणाऱ्या पोराने हात दिला, आत खालच्या बाकावर खिडकीशी जागाही करून दिली. बोट सुटली तेव्हा मी फोन बंद केला आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आता राहण्याबद्दल, कारण इथेही विचारपूस लागते. 'चांग घरात मुक्काम' म्हणून जे विकतात त्यात दोन प्रकार असतात. एक म्हणजे पर्यटकांसाठी बांबूच्या खोल्या, खांबांवर उभ्या, आत पलंग आणि जोडून संडास. दुसरं म्हणजे खरोखर गावातलं घर. आमचं दुसरं होतं. आधी विचारा: शिडी कशी आहे, संडास वर की खाली, रात्री दिवा असतो का. पारंपरिक घरांना लाकडाच्या ओंडक्याला खाचा पाडून केलेली शिडी असते. दुखऱ्या गुडघ्यांना ती जमणार नाही. आमच्या यजमानांनी फोनवरच सांगितलं होतं की त्यांच्याकडे मागच्या बाजूला रुंद पायऱ्यांचा जिना आहे, म्हणूनच आम्ही ते घर घेतलं. संडास खाली अंगणाच्या कडेला होता. बॅटरी हाताशी ठेवा.

घरात पाऊल टाकलं की फाकलेल्या बांबूची जमीन पायाखाली किंचित दबते. फटींतून खाली बघितलं तर डुकरं, कोंबड्या, आणि एका बाजूला हातमाग. घरातल्या ताई दुपारी खाली सावलीत बसून विणायच्या आणि मागाचा खटखट आवाज वर ऐकू यायचा. मधोमध मातीची चूल, तिच्यावर टांगलेल्या बांबूच्या फळ्यांवर मासे वाळत ठेवलेले. धुराने सगळं छत काळंभोर झालेलं, आणि त्या धुरामुळेच बांबूला कीड लागत नाही असं यजमान म्हणाले. त्यांचं घर आधी नदीच्या जवळ होतं. काठ खचायला लागला तसं त्यांनी ते उतरवलं आणि आतल्या बाजूला पुन्हा उभं केलं. १९५० च्या मोठ्या भूकंपाने ब्रह्मपुत्रेचं पात्र बदललं, तेव्हापासून माजुलीची झीज फार वाढली. त्यांच्या आजोबांची शेती कुठे होती ते त्यांनी आम्हाला काठावर उभं राहून दाखवलं. त्यांच्या हाताचं बोट नदीच्या मध्यावर रोखलेलं होतं.

शाकाहारी असाल तर पोचण्याच्या आदल्या दिवशीच सांगा. मासे आणि डुकराचं मांस हे तिथलं रोजचं जेवण. सासूबाईंसाठी वेगळ्या भांड्यात डाळ, भात, पालेभाजी केली होती. अपोंग म्हणजे तांदळाची घरगुती बिअर पाहुण्यांना देतात. घ्यायची नसेल तर हात जोडून नको म्हणा, कोणी वाईट मानत नाही. दुसऱ्याच्या घराच्या शिडीवर फोटोसाठी चढू नका, आधी खालून हाक मारा.

वेळ काढून सामगुरी सत्रात मुखवटे बघा. बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत बुडवलेलं कापड. या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. औनीआटी सत्राच्या नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, सासूबाई बराच वेळ बसून राहिल्या. समोर गोविंदाची मूर्ती, आणि टाळांच्या साथीने नामगजर. दरवर्षी वारीला जाणाऱ्या बाईला तिथे काही समजावून सांगावं लागलं नाही.

कधी जायचं? नोव्हेंबर ते मार्च. रासपौर्णिमेला बेटावर खोली मिळणं मुश्किल, फार आधी ठरवा. मिसिंग लोकांचा अली-आये-लिगांग हा पेरणीचा सण आसामी पंचांगातल्या फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास असतो. गावं पाहायची खरी वेळ तीच, पण घरोघरी पाहुणे असतात, त्यामुळे मुक्कामाचं आधी पक्कं करा. रोख पैसेही जवळ ठेवा, गावात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

'वाहन शुल्का'चे पैसे मी परत मागितले. बिलातली ती ओळ आणि घाटावर काढलेले फोटो जोडून मेल केली, तीनदा आठवण केली, आणि पैसे आले. कटकट वाटली तरी मागा, सोडू नका. अशा ओळी त्यांच्या प्रत्येक बिलात असणार.

आणि परतीचं विसरू नका. हिवाळ्यात सकाळी नदीवर दाट धुकं असतं, ते विरळ होईपर्यंत बोट सुटत नाही. आमचं विमान दुपारचं होतं, तरी आम्ही आदल्या दिवशीच जोरहाटला येऊन राहिलो. कंपनीच्या कार्यक्रमात त्याच सकाळची पहिली बोट धरली होती. त्या सकाळी जोरहाटच्या हॉटेलातून यजमानांना फोन केला तर ते म्हणाले, साडेनऊ वाजले तरी पहिली बोट घाटावरच उभी आहे.