आमची वाटचाल : मायएसक्यूएलकडून पोस्टग्रेसकडे

कोल्हापुरात पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो तेव्हा डेटाबेस (माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) कुठला, यावर फारशी चर्चा झालीच नाही. संस्थांचं बजेट बेताचं, आणि वेब सॉफ्टवेअर लिहायची पीएचपी भाषा म्हटलं की मायएसक्यूएल डेटाबेस, हे ठरलेलंच. बसवायला सोपं, वेगाला चांगलं.

२०१० साली ओरॅकल कंपनीने मायएसक्यूएलची मालक सन मायक्रोसिस्टिम्स घेतली, तिच्याबरोबर मायएसक्यूएलही गेलं. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच वेगळी चूल मांडून त्याच कोडवरून मारियाडीबी काढलं होतं. तेव्हा बरीच ओरड झाली. आमचं काम मात्र चालूच राहिलं.

आम्हाला पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे हलवलं ते चेक कन्स्ट्रेंटने, म्हणजे टेबलवर घातलेल्या अटीने. खात्याची शिल्लक शून्याखाली जाऊ नये, अशी अट टेबलवर घातली तर मायएसक्यूएल ती निमूट लिहून घ्यायचं आणि पाळायचं नाही! मॅन्युअलमध्येच तसं छापलेलं होतं. २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ आवृत्तीपासून ती पाळली जाते, मारियाडीबीने १०.२ पासूनच सुरुवात केली होती. प्रोग्रॅममध्ये तपासणी असतेच हो, पण ३१ मार्चच्या रात्री कुणीतरी थेट टेबलमध्ये हात घालतोच. पोस्टग्रेस तिथेही अडवतं.

दुसरं कारण वर्षअखेरीचे अपडेट. पोस्टग्रेसमध्ये नवे कॉलम जोडणं आणि जुने आकडे फिरवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही, अशा गठ्ठ्यात) बसतं. मध्येच लाइट गेली तर सगळं पूर्ववत. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (कॉलम बदलायची आज्ञा) झालं की आपोआप कमिट, म्हणजे बदल कायम, मग मागे फिरणं नाही.

पोस्टग्रेसचे नखरेही आहेत. अपडेट झालेल्या ओळींच्या जुन्या प्रती टेबलातच पडून राहतात. व्याज आकारणीच्या रात्री सगळी खाती हलतात, टेबल फुगतं. त्या जुन्या प्रती आपोआप साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम सावकाश झाडत बसतो, म्हणून व्याजाच्या नोंदी संपल्या की आम्ही व्हॅक्यूम हाताने चालवतो. शिवाय दर कनेक्शनला सर्व्हरवर वेगळी प्रोसेस, म्हणजे भार वाढतो. शाखा वाढल्या तेव्हा मध्ये थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवावा लागला.

पुढे फौंड्रीवाले ग्राहक आले. त्यांच्या परचेस (खरेदी) विभागाला वेगापेक्षा लायसन्सची काळजी. मायएसक्यूएल एकतर जीपीएल (बरोबर वाटलेला कोडही खुला करायला लावू शकणारं लायसन्स), नाहीतर ओरॅकलचं विकतचं. कोड खुला न केलेल्या आपल्या सॉफ्टवेअरबरोबर द्यायचं तर वकिलाला विचारलेलं बरं. पोस्टग्रेसचं लायसन्स जेमतेम पानभर, बरोबर घालून विकायला मोकळीक. मग आयटीवाल्या साहेबांचा प्रश्न : रात्री बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? आम्हालाच. करारात तसं लिहून देतो आणि सपोर्टचे पैसे वेगळे लावतो.

ग्राहकांच्या वर्डप्रेस वेबसाइट्स अजून मारियाडीबीवरच आहेत. तिथे बदलायचं कारणच नाही.