बॉयलर रूममधले तात्या

शाळेच्या कार्यालयात माजी मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. प्रयोगशाळा सहाय्यकाचा फोटो लावायची पद्धत नाही. म्हणून या अंकात मी तात्यांवर लिहिते आहे. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

तात्या नौदलातून चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नौसैनिकांमधल्या वरच्या हुद्द्यावरून, निवृत्त झाले आणि आपल्या शाळेत आले. गावाच्या मनात नेव्हीवाला म्हणजे पांढराशुभ्र युनिफॉर्म आणि देशोदेशीची बंदरं. तात्या होते स्टोकर, म्हणजे जहाज चालवणारी वाफ तयार करणारे बॉयलर सांभाळणारे. त्यांची बरीचशी नोकरी बॉयलर रूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली गेली. तिथून ना समुद्र दिसतो, ना शत्रू. चार तासांचा वॉच म्हणजे पाळी, अंगावरचे कपडे पिळून काढावेत इतका घाम, आणि नजर सतत दाबाच्या काट्यावर.

आठवीत किटली उकळताना त्यांनी आम्हाला तोटीजवळची मोकळी जागा दाखवली. तोटी आणि पांढरा धूर यांच्या मधे काहीच दिसत नव्हतं. "बघ गो, दिसता ता पाणी. दिसणा नाय ती वाफ." जहाजावर जास्त दाबाची वाफ कुठून गळत असली तर ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जुने स्टोकर झाडूचा दांडा पुढे धरून गळती शोधत, हेही त्यांनीच सांगितलं. मी आज औष्णिक वीजकेंद्रात बॉयलर विभागात आहे. वाफेचा पहिला धडा मला त्या किटलीनेच दिला.

१९७१ साली, पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा, ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. आदल्या वर्षीच बॉयलरच्या ड्रमना बारीक तडे गेलेले, आणि ते वेल्डिंगने सांधता येण्यासारखे नव्हते. मार्चमध्ये कमी दाबावर बॉयलर पेटवून जहाज पुन्हा चालू केलं. विमानवाहू जहाजाला विमान उडवताना वाऱ्याला तोंड देऊन वेगाने जावं लागतं, आणि वेगावर तर मर्यादा आलेली. तरीही ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकात विमानं येतात, ते बरोबरच आहे. पण ते बॉयलर रात्रंदिवस सांभाळणारी माणसंही त्यात यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे त्या घरात माझी रोजची ये-जा. तात्यांची बायको म्हणजे आमच्या काकी. त्यांचं लग्न होऊन १९७१ साली जेमतेम वर्ष झालेलं. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती बातमी कळली तेव्हा आपला माणूस नेमका कुठल्या समुद्रात आहे हे काकींना माहीत नव्हतं. पत्ता एकच, फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. पुढे कितीतरी दिवसांनी तात्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. त्यात युद्धाचं अक्षर नव्हतं. आईच्या गुडघेदुखीची चौकशी होती. काकींनी ते मला दाखवलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांना आखातात चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती. त्यांनी नाही म्हटलं आणि आपल्या शाळेचा तुटपुंजा पगार घेतला. "पोरींचा अर्धा बालपण माका पत्रात कळला. उरलेला तरी बघूचा आसा." सकाळी शाळेच्या आधी दोन्ही मुलींच्या वेण्या तेच घालत. गाठी मारण्यात मुरलेला तो हात. वेणी शाळा सुटेपर्यंत तसूभर ढळत नसे. मासळी साफ करणं, तांदूळ निवडणं, सगळं उंबऱ्यावर बसून उघड करत. त्या काळात आमच्या वाडीत दुसरा असा बाप मी पाहिला नाही.

पुढे काकींना अर्धांगवायू झाला. मुली आळीपाळीने माहेरी यायच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तात्यांनी चार-चार तासांच्या वॉचचा तक्ता लावला होता: औषध, कूस बदलणं, पाणी. मध्यरात्री बारा ते पहाटे चार हा वॉच कायम त्यांचा. तो त्यांनी मुलींना एकदाही दिला नाही.

प्रयोगशाळेतही हीच शिस्त. एक तुकडी बाहेर पडण्याआधी काय फुटलं, काय संपलं, कुठला स्पिरिटचा दिवा दुरुस्तीला हवा हे नोंदवहीत लिहायचं. पुढच्या तुकडीच्या प्रमुखाने ते वाचून "घेतला" म्हणायचं आणि सही करायची. तोवर आम्हाला दारातून सोडत नसत, मग मधली सुट्टी गेली तरी चालेल. आमच्या केंद्रात पाळी बदलताना लॉगबुकवर सही करते तेव्हा मी आधीचं सगळं पान वाचते. ही सवय त्यांचीच.

नवी प्रयोगशाळा या वर्षी सुरू होते आहे, असं मुख्याध्यापकांच्या पत्रात वाचलं. त्या नोंदवह्या जुन्या काचेच्या कपाटात खालच्या खणात असायच्या. त्या नव्या इमारतीत न्याव्यात आणि नववीच्या पहिल्या तुकडीने पुढच्या कोऱ्या पानापासून लिहायला लागावं, एवढी विनंती करते.