अभंगाचा सराव : चौथ्या चरणाचा नाद

मोठ्या अभंगात यमक आता बऱ्यापैकी हाताला लागतंय. सध्या मेहनत चालली आहे ती चौथ्या चरणावर. घडण आपल्या सगळ्यांना पाठ आहे: चार चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक, चौथा मोकळा. मोकळा असला तरी त्याला कानाशी नातं लागतंच, असं माझं ठाम मत होत चाललंय.

तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ मोठ्यानं म्हणा. ‘ठेवोनिया’ यमकात नाही, तरी परका वाटत नाही. विटे-कटा यांतला ट तिथं ठ होऊन येतो आणि ‘वरी’तला व पुन्हा भेटतो. केवढी कारागिरी आहे ही!

हे कानात ठेवून माझा चौक, म्हणजे चार चरणांचं कडवं, पुन्हा हातात घेतला:

नांगराच्या मागे चालती बगळे
पांढरे सगळे रांगेमध्ये

अक्षरं बरोबर, बगळे-सगळे यमक पक्कं. पण ‘रांगेमध्ये’ म्हणताना आवाज सपाट पडत होता. तिथं ‘काळ्या रानी’ घातलं:

पांढरे सगळे काळ्या रानी

ळ तिसऱ्यांदा वाजला, शिवाय पांढऱ्यासमोर काळं आलं. हा चौक आता पक्का.

दुसरा चौक:

फाळ फिरताना माती उलटते
ओल दरवळते दूरवर

इथं यमक नुसत्या ‘ते’ या प्रत्ययाचं. आले-गेले-झाले छापाची असली यमकं मराठीत ढिगानं सापडतात, म्हणून मी ती सहसा टाळतो. पण ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’ या लहान (आठ-आठ अक्षरांच्या) अभंगातही शेवटी जुळतो तो फक्त ‘ले’. कान भरतो तो आतल्या ‘रंजले गांजले’नं. माझ्याकडे ‘दरवळते दूरवर’मध्ये द, र, व तिन्ही परत येतात, म्हणून ओळ ठेवली. ‘ओल दरवळते’ची अक्षरं सात होतात, तेही चालवून घेतलं; ‘सुंदर ते ध्यान’मधलंच ‘आवडे निरंतर’ सातच आहे आणि म्हणताना कुठे अडखळत नाही.

आता तिसरा चौक. ‘ढेकळे’ला यमक शोधतोय, पण प्रत्ययाचं नको. सुचलं तर जरूर कळवा, सहा अक्षरांत बसणारं.